पलीकडच्या वस्तीचं टपाल

४ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. बसने हाडं खिळखिळी केली, पण खोली पाहिली आणि शीण पळाला. पोस्टाच्या मागच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर. दोन खिडक्या, एकीतून नदी दिसते. घरमालकीण एकटीच राहते. तिचे सासरे पूर्वी इथले पोस्टमास्तर होते. तासाभरात तिने मला काकू म्हणायला लावलं आणि माझ्या ओल्या चपला चुलीपाशी वाळत घातल्या.

दादाला माझी ही नोकरी कधीच पटली नाही. जुन्या टपालाच्या नोंदी चाळायच्या आणि नकाशावरून पुसल्या गेलेल्या वस्त्या हुडकायच्या. निघताना म्हणाला, जिवंत माणसांची पत्रं वेळेवर पोचत नाहीत आणि तू मेलेल्या गावांचे पत्ते शोधत फीर. वर माझ्या पिशवीत स्वतःचा मफलर कोंबला. रोज फोन करायचा असं वचन घेतलंय. फोन गावात एकच, पोस्टात.

७ फेब्रुवारी

सध्याच्या पोस्टमास्तरांनी मागची खोली उघडून दिली. गोण्या, गंजके शिक्के, वाळून दगड झालेली खळ, उंदरांच्या लेंड्या. मास्तर गप्पिष्ट. म्हणाले, इथं काम करायचं तर आधी उंदरांशी ओळख करून घ्या, ते माझ्याहून सीनियर आहेत.

वस्ती कशी मरते ते टपालावरून कळतं. खाण बंद पडते किंवा रस्ता दुसरीकडून जातो. मग आधी लग्नपत्रिका थांबतात, नंतर पोरांच्या शाळेची पत्रं. शेवटी उरते ती म्हाताऱ्यांची ख्यालीखुशाली. सगळं हळूहळू, दिवा विझावा तसं.

एकच वस्ती तशी मेलेली नाही. नदीपलीकडची, विटा भाजणाऱ्यांची. तिथे रोज टपाल जायचं. मग एका दिवसापासून प्रत्येक पत्र परत गेलं, ‘असा पत्ता नाही’ असा शिक्का मारून. बाहेरगावचे नातेवाईक बिचारे पुढे वर्षानुवर्षं लिहीत राहिले.

पत्ता नाही कसा? माझ्या खिडकीतून त्यांची धुराडी दिसतात.

९ फेब्रुवारी

चौकशी केली. न्हावी म्हणतो, ते लोक शहरात गेले. डॉक्टर म्हणतात, पुरात वाहून गेले. मास्तर म्हणतात, वस्ती नव्हतीच, नुसती भट्टी होती. तिघेही गोड हसले. अळीमिळी गुपचिळी.

म्हणून आज स्वतःच गेले. अरुंद लोखंडी पूल, त्याच्या अलीकडच्या तोंडाला पत्र्याचं उंच फाटक. कडी गावाच्या बाजूने. हातोडीने ठोकून काढावी लागली. पलीकडे जमिनीची जीभ, तिन्ही बाजूंनी नदीची जोराची धार, मागे सरळसोट कडा. पुलाखेरीज वाट नाही.

घरं उभी आहेत. चुलींवर भांडी तशीच. एका घरात अंथरुणंसुद्धा पसरलेली होती. जवळ जाऊन पाहिलं तर अंथरुणांत हाडं. दोन्हीकडे मोठी, मध्ये लहान.

पळत परत आले. फाटकाची आतली बाजू तेव्हा दिसली. पत्रा नखांनी खरवडलेला. वर तर होताच, खालीही होता. माझ्या कमरेच्या खूप खाली.

१० फेब्रुवारी

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी काकूंसोबत वाटाणे सोलत बसले आणि खरवडलेल्या पत्र्याबद्दल विचारलं. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. त्या साली ताप आला. आधी पलीकडे. गावाने फाटक लावलं आणि सासऱ्यांनी टपाल थांबवलं, म्हणजे कुणी बाहेरून मदतीला येऊन ताप घेऊन जायला नको. आधी पुरुषांनी फाटकावर लाथा मारल्या. मग बायका रडल्या. शेवटी त्यांनी पोरांना पुढे पाठवलं, निदान त्यांना तरी घेतील म्हणून.

“पोरांनाही नाही घेतलं?”

“वाईट वाटलं गं,” काकू म्हणाल्या. “पण अलीकडे एक माणूस दगावला नाही. एक नाही.”

मग त्यांनी विचारलं की पत्र्याचं मला कुणी सांगितलं. मी म्हटलं, काल जाऊन आले.

त्यांचा हात थांबला. मी सोललेले वाटाणे त्यांनी वेगळे केले, सुपलीने उचलले आणि चुलीत टाकले.

११ फेब्रुवारी

दादाला फोन करायला गेले. मास्तर म्हणाले, बिघडलाय. पत्र लिहून दिलं तर म्हणाले, तिथेच ठेवा, हातात नको.

डॉक्टर आले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. थर्मामीटर मलाच लावायला सांगितलं, लांबूनच वाचला. ताप नाही, म्हणाले. मग काकूंकडे वळून म्हणाले, अजून नाही.

उद्याच्या बसने निघणार. पोलिसांना सगळं सांगणार.

१२ फेब्रुवारी

हे मी पलीकडून लिहितेय.

सकाळी मास्तर आले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, आम्हाला आमचीच लाज वाटते, पोलिसांत जा, पण पुरावा घेऊन जा. वस्तीची पत्रपेटी अजून भिंतीला आहे, तिच्यात त्या लोकांची शेवटची पत्रं असतील. मी सोबत येतो. मला त्यांचा विश्वास वाटला. पुलाच्या मध्यावर ते थांबले. बूट सैल झालाय, तुम्ही व्हा पुढे, म्हणाले.

मागे कडी वाजली.

पुलाच्या या टोकाला माझी बॅग आधीच ठेवलेली होती. आत कपडे. काकूंनी एकेकाला नीट घडी घातली होती. दादाचा मफलरही.

१३ फेब्रुवारी

ओरडून घसा बसला. पत्रपेटी रिकामी आहे.

काकू फाटकाच्या फटीतून पाव सरकवतात, काठीने. आज म्हणाल्या, चार दिवस धीर धर, ताप आला नाही तर घेऊ आत. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. त्या म्हणाल्या, तेही असंच म्हणायचे.

१५ फेब्रुवारी

ताप नाही. कपाळ पुन्हा पुन्हा चाचपते. थंड आहे.

आज पाव नाही. फटीवर गावाच्या बाजूने फळी ठोकली त्यांनी. पोहून जायचा प्रयत्न केला — धारेने दगडावर आपटलं. डावा पाय —

१६ फेब्रुवारी

दादा आला!

समोरच्या काठावर, मास्तरांसोबत. त्याची चाल मी कुठूनही ओळखेन. मफलर काठीला बांधून हलवला, जीव तोडून हाका मारल्या. तेवढ्यात काठावरची पिठाची गिरणी सुरू झाली. सुट्टीचा दिवस, तरी सुरू झाली. धडधडीत मलाच माझा आवाज ऐकू येईना. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याला वळवलं. नकारार्थी मान हलवत होते. काय सांगितलं असेल — मी बसने गेले? आलेच नाही?

तो जाताना एकदा थांबला. इकडे बघितलं. पण मी सावलीत होते, आणि —

१७ फेब्रुवारी

न्हावी फाटकापलीकडून बोलला. दयेने की मजेने, कळलं नाही. दादाचा विश्वास बसलेला नाही. तालुक्याला गेलाय, उद्या पोलीस घेऊन येणार. म्हणजे एकच दिवस. एक दिवस काढेन. पाय सुजलाय, पण ताप नाही. दादा येतोय.

न्हावी जाता जाता म्हणाला, तुझ्या भावाने घाई करायला नको होती.

१७, संध्याकाळ

फाटक उघडलं. काकू येताहेत. हातांना, तोंडाला फडकी बांधलेली. मागे मास्तर, डॉक्टर, आणखी दोघं. डबे आहेत. दुधाचे नाहीत — वास इथवर येतोय, रॉकेलचा. आधी टोकाचं घर भिजवताहेत. मग पुढचं.

भट्टीशेजारच्या खोलीत लपलेय. काकू हाका मारताहेत. लाडिक आवाज. ये गं बाळ, गरम दूध आणलंय, ताप नाही ना, मग चल घरी.

दाराशी आल्या.

मी आतून कडी लावली आहे. त्या ढकलत नाहीत. नुसत्या उभ्या — आता बाहेरूनही कुणीतरी कडी —