एलिसाच्या गाण्याचं मास्टरिंग

४ जानेवारी
अठराला धाकट्या बहिणीचं, एलिसाचं लग्न. रिसेप्शनला मम्मीसाठी वाजवायचं म्हणून तिने माझ्या लॅपटॉपवर एक गाणं रेकॉर्ड केलंय. गळा बरा आहे. आवाज फार हळू. म्हटलं, मास्टरिंग, म्हणजे गाण्यावरचा शेवटचा हात, मी फिरवतो. म्हणाली, आहे तसंच राहू दे ना. गाणाऱ्यांना यातलं कळत नाही.

६ जानेवारी
लिमिटर समजला. आवाजाला वर छत घालायचं, त्याच्या पलीकडे काही जात नाही. मग खालून गेन, म्हणजे आवाजाची ताकद, वाढवायचा. व्हिडिओतला माणूस म्हणतो, थोडाच वाढवा. भित्रा दिसतो.

९ जानेवारी, सकाळी
बराच वाढवला. हळू ओळी आणि जोरातल्या ओळी आता एकाच उंचीच्या. शिस्त आली. एलिसा श्वास घेते तिथे वादळ सुटल्यासारखं होतं. पप्पांनी आतून विचारलं, मिक्सर कोणी लावलाय? पप्पांना स्टुडिओची भाषा येते हे माहीत नव्हतं.

११ जानेवारी
सॉफ्ट क्लिपिंग! आवाजाची वर आलेली टोकं सरळ छाटायची नाहीत, गोल करायची. त्याने गाण्याला थोडी ऊब येते. थोडी कशाला? नॉब शेवटपर्यंत फिरवला. बायकोला, मेलिसाला ऐकवलं. म्हणाली, शेजारच्या वाडीत पंप सुरू झाला का? तिला ऊब जाणवली, शब्द सापडला नाही.

१३ जानेवारी
वर आणखी एक लिमिटर. त्याच नावाने सेव्ह केलं. मूळ फाइल गेली. जाऊ दे, कोणाला लागणार आहे.

१५ जानेवारी
फाइल मिळाल्यावर रिसेप्शनच्या डीजेचा, कॉन्रॅडचा फोन. म्हणाला, फ्लॉईडभाऊ, फाटतंय, ओरिजिनल पाठवा. म्हटलं, स्पीकर तपास. पुढची पिढी मेहनत घेत नाही.

१८ जानेवारी
गाणं लागलं. मम्मीने कानांवर हात ठेवले. एका बाळाने भोकाड पसरलं. कॉन्रॅडने आवाज बंद केला. एलिसा माझ्याकडे बघत राहिली. मी केककडे बघितलं.
मग तिने माईक घेतला आणि तशीच गायली. मधल्या ओळीत इतकी हळू, की वाढपी ताटं घेऊन जागच्या जागी थांबले. मम्मी रडली. मीही थोडा.
हॉलचा मॅनेजर काळूराम विचारत आला, साउंडवाले तुम्हीच का?
म्हटलं, नाही. मी पतपेढीत क्लार्क आहे.