वरचं मोठं अक्षर

प्रिय खारूताई,

अक्षर बाबांचं बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेय आणि तुझे बाबा टेबलाशी बसून मी सांगेन ते लिहितायत. एक शब्द गाळायचा नाही आणि एकही पदरचा घालायचा नाही, अशी अट घातलीय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझं मुकाट्याने ऐकून घेतल्याचा लेखी पुरावा आज पहिल्यांदाच तयार होतोय. जपून ठेव.

तू विचारलं होतंस ना, की तू कामावर रुजू झालीस की दिवसभर बाळाला मी सांभाळीन का? मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, येईल की, त्यात विचारायचं काय! माझं एकटीचं तिकीटही काढून मोकळे झाले. तेव्हापासून तू हा विषय काढलास की मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवते. एवढं दूध कोण पितं आमच्याकडे? आजीने अजून नातवाचं तोंड बघितलं नाही, असं परवा तू म्हणालीस ते मला फार लागलं, आणि तुझं चुकलं असंही नाही. मी यायचं का, आणि आले तर बाळ माझ्या हाती सोपवायचं का, याचा निकाल आज लावायचाय. पण त्याआधी वर्षभरात इथे काय झालं ते ऐकून घे, कारण आम्ही तुला त्यातलं काही कळू दिलं नाही.

सुरुवात दुकानातच झाली. तुला माहीत आहे, डोळे तपासायचं काम बाबांचं आणि फ्रेम बसवायचं माझं. काड्यांचे स्क्रू, नाकावरच्या गाद्या, आणि कुठली फ्रेम तोंडाला शोभत नाही हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणं, हे सगळं माझ्याकडे. तर स्क्रू समोरच्या ताटलीत असायचा आणि मी तो टेबलभर शोधायची. सापडला की पेचकसाचं टोक त्याच्या शेजारी जाऊन टेकायचं. एकदा एका मास्तरांनी चष्मा पुढे केला आणि मी तो घ्यायला हात केला, तर मूठ हवेतच मिटली. मास्तर बिचारे हसले, मीही हसले. पेपर वाचताना ओळी एकमेकींच्या अंगावर चढायला लागल्या. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, नंबर वाढला. चष्मेवाल्याच्या बायकोला दुसरं काय होणार?

त्यांनी मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. भिंतीवरचा तक्ता मला पाठ आहे म्हणून दुसरा, नवाकोरा आणून लावला. मी सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा वाचली. बाबा खूश. मग त्यांनी काठी वर नेली आणि सगळ्यात मोठं अक्षर विचारलं, जे आंधळ्या-पांगळ्यालाही दिसावं म्हणून छापतात. मला तिथे अक्षर नव्हतंच. काळ्या रेघा होत्या, एक उभी, एक आडवी, एक कुठेतरी वाकडी, आणि त्यांची एकमेकींशी ओळखदेख नाही. बाबांना वाटलं मी थट्टा करतेय. सगळं जग खालच्या ओळीत अडकतं आणि ही वरच्या ओळीत अडकते, असं त्यांनी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगितलं.

मग चष्मे सुरू झाले. एक झाला, दुसरा झाला, वाचायचा वेगळा, लांबचा वेगळा. प्रत्येक चष्मा ते स्वतः बसवायचे, काच तीनदा पुसायचे आणि माझ्या नाकावर ठेवून विचारायचे, आता? ते इतक्या आशेने बघायचे की मी म्हणायची, हो, आता बरं वाटतंय. दोन दिवसांनी कप सोडून चहा टेबलावर ओतला जायचा की पुन्हा खुर्चीत. अशी पाच चष्म्यांची मालकीण आहे मी. (चौथ्याने तिला खरंच बरं वाटत होतं. – बाबा)

मधल्या काळात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी मन शांत राहण्याच्या गोळ्या दिल्या. मुलगी लांब गेली, घर खायला उठतं, होतं असं बायकांना, असं त्यांचं म्हणणं. तुझी आत्या म्हणाली, वहिनी, जरा मन रमव कशाततरी. मी गोळ्या घेतल्या, झोप छान लागली, आणि सकाळी उठून दाराच्या कडीऐवजी दाराला हात घातला. मलाही वाटायला लागलं होतं की आपलं डोकं फिरतंय. रडूही यायचं, खोटं कशाला बोलू. शेवटी डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, बाईंचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत, यांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. बाबांचा चेहरा असा झाला की जणू डॉक्टरांनी त्यांनाच नापास केलं.

मेंदूच्या डॉक्टर तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मला टेबलावरचं पेन उचलायला सांगितलं, हात शेजारी पडला. एकात एक काढलेली चित्रं दाखवली, मला नुसता गुंता दिसला. फोटो काढले डोक्याचे. मग नीट समजावून सांगितलं, घाई न करता. डोळे आपलं काम चोख करतात, टपाल वेळेवर येतं, पण डोक्याच्या मागच्या बाजूला ते वाचून ज्याचं त्याला वाटणारा जो आहे तो हळूहळू काम सोडतोय. लहान अक्षर एका नजरेत मावतं म्हणून वाचता येतं, मोठं तुकड्यातुकड्यांनी बघावं लागतं आणि तुकडे जुळत नाहीत. हा विसरायच्या आजाराचाच चुलतभाऊ आहे. आठवण सध्या शाबूत आहे, पुढे तिचंही सांगता येत नाही. बरा होणारा नाही, वाढणारा आहे. खरं सांगू? मला पहिल्यांदा हायसं वाटलं. मी वेडी नव्हते, नाटकी नव्हते. जिना उतरताना मात्र पायऱ्यांच्या जागी नुसते पट्टे दिसत होते आणि मी बाबांचा हात इतका घट्ट धरला की त्यांना ओरखडा आला.

घरी आल्यावर बाबांनी काय केलं असेल? पाचवा चष्मा. आजाराचं नाव त्यांनी त्या दिवसापासून घरात उच्चारलेलं नाही. कोणी विचारलं की, हिची नजर जरा थकलीय, एवढंच. आता एक कबूल करायला हवं की माणूस हात बांधून बसला नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला त्यांनी पिवळी पट्टी चिकटवली. पांढऱ्या फरशीवर पांढरा मग दिसत नाही म्हटल्यावर लाल मग आणले. दाराच्या कड्या निळ्या रंगवल्या, घर बालवाडीसारखं दिसतंय. त्याचा मला खरोखर उपयोग होतो. फक्त हे सगळं कशासाठी चाललंय, ते म्हणायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात खालची शिवणकाम करणारी शेजारीण तिचं तान्हं बाळ माझ्याकडे ठेवून दोन घरं सोडून कपडे द्यायला गेली. मी म्हटलं, जा खुशाल, मी आहे. तिने त्याला आमच्या पलंगावर निजवलं. चादर फुलाफुलांची, त्याचं झबलंही फुलाफुलांचं. मी खिडकी लावून वळले तर पलंगावर बाळ नव्हतं. नुसती फुलं होती. ते कुरकुरत होतं, मला ऐकू येत होतं, अगदी समोरून, आणि मी डोळे फाडून फुलांकडे बघत होते. हाताने चाचपून बघावं म्हणून मी पलंगावर बसायला गेले. बसता बसता त्याने लाथ मारली आणि ती माझ्या मांडीला लागली. खारूताई, मी त्याच्यावरच बसणार होते. मग मी खाली जमिनीवर बसले आणि शेजारीण येईपर्यंत एक हात त्याच्या पोटावर ठेवून राहिले, डोळे मिटून. डोळे मिटल्यावर ते मला नीट सापडत होतं. शेजारणीला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती भली बाई, रागावली नाही, पण बाळ पुन्हा आणलेलं नाही. आणावं अशी माझीही इच्छा नाही. बाबांना सांगितलं, तर ते ताबडतोब बाजारात गेले आणि साध्या गडद रंगाच्या चादरी घेऊन आले. दोन तुझ्याकडे न्यायला म्हणून बॅगेत भरल्या. (साध्या चादरीवर बाळ स्पष्ट दिसेल. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. – बाबा)

मघापासून मी बोलतेय त्यापेक्षा पेन जास्त चाललंय. काहीतरी स्वतःचं घुसडत असणार. असू दे, नवरा आहे.

तर निकाल असा. मी येणार. पण एकटी नाही, आम्ही दोघं येणार, दुकान महिनाभर बंद राहिलं तर कोणी आंधळं होत नाही. तू बाळासाठी चांगलं पाळणाघर बघ. त्यात तुला वाईट वाटायचं कारण नाही आणि जावईबापूंनी आमच्यासाठी रजा काढायची गरज नाही. मी खुर्चीत टेकून बसेन, तुम्ही कोणीतरी त्याला माझ्या मांडीवर द्या आणि जवळ थांबा. मी त्याला घेईन, हुंगेन, त्याच्याशी खूप बोलेन. त्याचं तोंड मला एकदम सगळं दिसेल की नाही, माहीत नाही. नाक दिसेल, मग कान दिसेल, मग हनुवटी. कोणासारखा आहे ते तुम्ही सांगा. मला भीती वाटते का, तर वाटते. पुढच्या वर्षी काय दिसेल याची वाटते, तुला ओळखीन ना याची वाटते. पण त्या पलंगाजवळ वाटली तेवढी नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुझ्या बाबांनी हसत हसत फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि तुला म्हणाले, हिचं काही ऐकू नकोस, नवा चष्मा लावला की सांभाळेल तीन तीन नातवंडं. तू त्यांचंच ऐकणार, लहानपणापासून तुझं तसंच आहे. मी कितीही नाही म्हटलं तरी तुला वाटेल, आई कुरकुर करतेय. म्हणून त्यांना पेन घेऊन बसवलं. खरं तर हे सगळं पत्र एका वाक्यासाठी आहे, आणि ते वाक्य मी सांगून नाही, त्यांनी स्वतःचं म्हणून लिहायचंय. आजाराला आजार म्हणून. मी आता गप्प बसते.

खारूताई, तुझ्या आईला मेंदूचा आजार आहे, चष्म्याने तो जाणार नाही. बाळाजवळ तिला एकटीला ठेवू नकोस.

बराच वेळ पेन थांबलं होतं. नंतर चाललं. झालं का म्हणून विचारलं तर हो म्हणाले. काय लिहिलंय ते मला वाचता येणार नाही, ओळी आत्ताच एकमेकींवर चढल्यात. तुला येईल. लिहिलं नसेल तर लगेच फोन कर, मीच उचलेन. लिहिलं असेल तर त्यांना फोन कर, आणि थोडा जास्त वेळ बोल.

सही माझी मी करतेय. कागद सोडून गेली तर समजून घे.

तुझीच,
आई