सूचना क्रमांक एक्केचाळीस

ती. आत्यास,

तुझ्या पण-जरचा एका हाताने नमस्कार. (दुसऱ्या हातावर बाईसाहेब झोपल्या आहेत. हात काढला की जाग्या होतात, हे तीनदा तपासून पाहिलं आहे. तेव्हा अर्धा नमस्कार आत्ता घे, अर्धा भेटीत.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? डोळ्यांत थेंब घालतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी आणि मग आपलं रडगाणं गावं, हे तूच मला शिकवलंस. शाळेत नाव घालायच्याही आधी, तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाटी घेऊन बसवायचीस. प्रत्येक धड्याला मी ‘पण जर’ म्हणून शंका काढायची आणि तू हातातलं लाटणं ठेवून उत्तर द्यायचीस. नाव पडलं ते तेव्हाच. असो. माझं रडगाणं मुळी नाहीच. इकडे सगळं उत्तम चाललं आहे. केवळ वस्तुस्थिती कळवावी, एवढ्याच हेतूने लिहिते.

आमच्या आरोग्य खात्याने काढलेलं ‘नव्या पालकांसाठी आवश्यक वस्तू व उपयुक्त सूचना’ हे पुस्तक मी लिहिलं, हे तुला माहीत आहेच. (वर नाव खात्याचं आहे, पण स्वल्पविराम सगळे माझे.) साहेबांनी ते काम मला दिलं, कारण माझ्या हातून चूक सुटत नाही. तोवर मी कुठलंही बाळ पाच मिनिटांपेक्षा जास्त हातात धरलं नव्हतं. पण आठ पुस्तकं वाचली होती आणि तीन डॉक्टरांना प्रत्येकी दोनदा विचारलं होतं. सदतीस वस्तू आणि चौसष्ट सूचना निघाल्या. तू चष्मा लावून अख्खी दुपार ते वाचलंस आणि म्हणालीस, “छान झालंय गं. पण एवढ्या सामानात बाळ कुठं ठेवायचं?” मला तेव्हा राग आला होता. आज तुला प्रामाणिकपणे कळवते की घरात जागा अगदीच नाही असं नाही. खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये एक सतरंजी मावते.

सदतीसच्या सदतीस वस्तू मी आणल्या. लोकांना ‘आवश्यक’ म्हणून सांगायचं आणि आपण निम्म्यावर भागवायचं, हे मला पटेना. त्यांतला घडीचा पाळणा तुझ्या जावयाने दोन दिवस खपून जोडला. बावीस स्क्रू होते, एक उरला. तुझा जावई म्हणाला, “जास्तीचा देतात गं.” पण जर जास्तीचा नसला तर? स्क्रू उरलेल्या पाळण्यात मी माझं मूल कसं ठेवू? पाळणा सोडवला, पुन्हा जोडला. या वेळी दोन उरले. आता त्या पाळण्यात पाळणा जोडण्याची पुस्तिका, धुवायचे कपडे आणि ते दोन स्क्रू (डबीत घालून) शांत झोपतात. घरात शांत झोपणारे तेवढेच.

आंघोळीच्या पाण्याचं तापमान मोजायला एक बदक आहे. पाण्यात सोडायचं, मग त्याच्या पोटावर आकडा दिसतो. पुस्तकात मी बरोबर सदतीस अंश लिहिलं आहे. आम्ही पाणी ओतलं, एकोणचाळीस. गार घातलं, पस्तीस. गरम घातलं, अडतीस. गार, गरम, गार, गरम करता करता टब काठोकाठ भरला, बदक तरंगत जमिनीवर आलं आणि बरोबर सदतीस दाखवू लागलं. त्या दिवशी आंघोळ झाली ती तुझ्या जावयाची, कपड्यांसकट. बाईसाहेब टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या, कोरड्या ठणठणीत, आपल्या बापाकडे पाहत होत्या. जन्मल्यापासून इतकी करमणूक त्यांची पहिल्यांदाच झाली असावी.

वस्तू क्रमांक एकोणतीस म्हणजे नोंदवही. तिच्यात दूध, झोप, लंगोट, ढेकर असे रकाने आहेत आणि शेवटी ‘रडण्याचे कारण’: भूक, ओले, झोप, ढेकर, उष्णता, थंडी, इतर. वहीची पाळी तुझ्या जावयाकडे असली की सगळीकडे ‘इतर’. परवा अकरा वेळा ‘इतर’ आणि बाराव्या ओळीत ‘तिलाच विचारा’. मी बोलले, तर म्हणतो, “सूचना एकोणीस बघ. बाळाशी संवाद साधावा.” माझ्याच पुस्तकाने मला गप्प करायचं त्याला व्यसन लागलं आहे. आणि पाठांतर पक्कं आहे, म्हणून मेल्याचं कौतुकही वाटतं.

मग गेल्या मंगळवारी खात्याची नर्सबाई घरभेटीला आली. (मी खात्यात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या यादीत मी फक्त ‘बाळाची आई’ आहे.) दोन मुलगे वाढवलेली, आवाज शाळेच्या घंटेसारखा. तिने सतरंजी पाहिली, पाळण्यातले कपडे पाहिले, जमिनीवरचं बदक पायाने बाजूला सारलं आणि पिशवीतून माझंच पुस्तक काढून मला दाखवलं.

“हे वाचलंय का, बाई?”

“हो.”

“नुसतं वाचून काय होतंय! बघा, सूचना बारा. बाळ झोपले की आईनेही झोपावे. किती सोपं लिहिलंय. ज्या कुणी लिहिलंय ना, चार-पाच पोरं हाताखालून गेलेली असणार.”

मी मान खाली घातली. आत्या, सूचना बाराचा हिशोब मी वहीत मांडला आहे. बाळ चाळीस मिनिटं झोपतं. त्यात सूचना आठनुसार बाटल्या उकळायच्या, चौदानुसार लंगोट दोन पाण्यांतून काढायचे, एकोणतिसावी वस्तू भरायची. मग झोपायला जे उरतं त्यात माणूस फारतर उशी शोधू शकतो. पण नर्सबाईला मी हे बोलले नाही. लेखिकेने स्वतःच्या पुस्तकाविरुद्ध तक्रार करणं बरं दिसत नाही. निघताना तिने विचारलं, “घरात कुणी मोठं माणूस नाही?” मी म्हटलं, “आत्या आहे, पण सूचना एक्केचाळीस.” त्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

एक्केचाळीस तुला पाठ असेलच. ‘पहिले सहा आठवडे भेटीस येणाऱ्या पाहुण्यांना शक्यतो टाळावे. भेट पंधरा मिनिटांपेक्षा अधिक नसावी.’ तू बॅग भरून तयार असताना मी ते पान लाल रेघ मारून तुला पाठवलं. तू बॅग रिकामी केलीस आणि आठ दिवसांनी नुसतं पार्सल आलं. ते मी कपाटावर ठेवलं, वर चिठ्ठी लावून: ‘तपासणी बाकी’. (चाचपून जुनं कापड वाटलं, आणि सूचना सतरा: जुने कापड बाळासाठी वापरू नये.)

काल सकाळपासून बाईसाहेबांनी असा काही सूर लावला की वहीतली सातही कारणं संपली. सगळी दुपटी दोरीवर ओली. बरोबर दोन वाजता मी स्टुलावर चढले आणि पार्सल फाडलं. तुझी निळ्या चौकटींची चादर, चौकोन कापून कडा शिवलेली. ताप आला की तू मला घालायचीस तीच. सगळ्यात वरच्या चौकोनावर टाचणी लावून (टाचणीलाही कापसाचा बोळा होता, तू म्हणजे कमाल आहेस) तुझी चिठ्ठी: ‘धुतलं आहे. दोनदा. तू विचारशील म्हणून.’ मी स्टुलावरच बसून राहिले. बाईसाहेबांना त्यात गुंडाळलं, तर त्यांनी एकदा नाक खुपसलं आणि गप्प. मी नोंद करायला वही उघडली, पण ‘रडणे थांबण्याचे कारण’ असा रकाना मी छापलेलाच नाही. शिवाय तेव्हा रडत होते ती मी, आणि माझ्यासाठी तर वहीच नाही.

आता खरी अडचण ऐक. साहेबांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी विचारलं आहे: काही बदल? माझ्या मनात एकच बदल आहे, एक्केचाळीस काढून टाकणं. पण स्वतःची सोय व्हावी म्हणून खात्याची सूचना बदलायची, हे मला शोभेल का? पहिल्या आवृत्तीच्या पाच हजार घरांनी आपापल्या आत्या थोपवल्या असतील, आणि मी तेवढी माझी बोलावून घ्यायची? चार दिवस याच विचारात आहे. तेव्हा तू काळजी करू नकोस आणि गुडघा घेऊन धावत येऊही नकोस. इकडे सगळं व्यवस्थित आहे.

तुझी,
पण-जर

ता. क. अक्षर मध्येच वाकडं झालं आहे तिथे हात बदलला आहे. उरलेला अर्धा नमस्कार तेवढ्यात उरकणार होते, पण बाईसाहेब चुळबुळल्या.

ता. क. २. तुझ्या शेजारणीच्या सुनेला दिवस गेले आहेत असं कळलं. तिने पुस्तक मागितलं तर प्रती संपल्या म्हणून सांग. घडीचा पाळणा हवा असल्यास मात्र अवश्य कळव.

ता. क. ३. नर्सबाई काय म्हणाली ते न लिहिणं म्हणजे माहिती दडवणं, म्हणून लिहिते. ती म्हणाली, “अहो, ते पाहुण्यांसाठी असतं! आत्या पाहुणी कधीपासून झाली? शिकलेल्या दिसता, तरी अक्कल कशी नाही?” मी पान काढून पुन्हा वाचलं. खरंच, ‘पाहुणे’च छापलं आहे. सूचना बरोबर होती, आत्या. लाल रेघ चुकीची होती. साहेबांना कळवते आहे की बदल काही नाही.

ता. क. ४. हे पत्र टपालात टाकलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल, कारण ते घेऊन आलेला तुझा जावई समोर बसला आहे. तू वाचून संपवेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्याला बजावलं आहे. पण एव्हाना त्याला खुर्चीतच झोप लागली असेल. तू बॅग भरेपर्यंत त्याला उठवू नकोस. तुझ्या गुडघ्यासाठी आमच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची मांडून ठेवली आहे. पण जर तू अजून रागावलेली असशील, तर त्याला एकट्याला परत पाठवू नकोस. स्वतः ये आणि समोर बसून मला रागव. रागवायला पंधरा मिनिटांची अट नाही.