हिरोची पाठ

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या वाकत नाही, त्यामुळे कागदावर घातलेला नमस्कारच जास्त खरा समज.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे, वहिनींचं पित्त कसं आहे आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचा तो बाजा वाजवणारा गृहस्थ घर सोडून गेला की नाही, ते सविस्तर कळव. आमच्याकडे सगळे मजेत. नोकरी व्यवस्थित चालू आहे. बायको मजेत आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. का, ते पुढे येईलच. तुझी आईही तब्येतीने खणखणीत आहे, जिने चढते, मला शिव्या घालते. फक्त डोळ्यांचं तेवढं आहे. तुम्हा मायलेकांचा अबोला असल्यामुळे ती तुला सांगणार नाही आणि तू तिला विचारणार नाहीस, म्हणून हे काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात आलं आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की नजर चालली आहे आणि ऑपरेशनने थांबणारी नाही. समोरच्याचा चेहरा तिला आताच पुसलेल्या पाटीसारखा दिसतो. आकार आणि हालचाल अजून कळते, तीही काही महिने. पुढे उजेड आणि अंधार एवढंच.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आत्या तिथल्या बाकावर बसली. मी धीराचे चार शब्द जुळवत होतो (अशा वेळी मला नेमका ढेकर येतो, तुला माहीतच आहे), तेवढ्यात ती म्हणाली, "ठोंब्या, मला ह्यांना चालताना बघायचंय." ह्यांना म्हणजे आतोबांना! जे तू पाळण्यात असतानाच गेले, त्यांना! मला वाटलं, डोळ्यांपाठोपाठ डोकंही निघालं. पण ती पूर्ण शुद्धीवर होती. तिचं म्हणणं असं, की घरात आतोबांचे फोटो आहेत, पण ते सगळे खुर्चीत बसलेले, दात काढायला बसल्यासारखे. फोटोत माणसाचं नाक राहतं, चाल राहत नाही. आणि तिला तर आता नाकं दिसतच नाहीत. चालता माणूस तेवढा दिसतो. तेव्हा तेवढंही जायच्या आत तिला 'वाळूखालची नगरी' बघायची होती.

आता हा सिनेमा म्हणजे आपल्या खानदानाची एकुलती एक जहागीर. आतोबा त्या कंपनीत शिंपी होते आणि नगरीतल्या यच्चयावत जनतेचे झगे त्यांनी शिवले होते, हे तुला मी सांगायला नको. शिवाय वेशीवरचा पहारेकरी व्हायला आयत्या वेळी माणूस कमी पडला म्हणून त्यांनाच झगा चढवून भिंतीवर उभं केलं, आणि हिरोने धोंडा मारल्यावर ते भिंतीवरून खाली पडले, ही हकिगत तर आपण दूधभातासारखी खाऊन मोठे झालो. (तू शाळेत "माझे बाबा भिंतीवरून पडले" असं छाती फुगवून सांगायचास आणि मास्तरांनी एकदा हळहळ व्यक्त केली होती.) आत्याने मात्र सिनेमा कधीच पाहिला नाही. आधी नवरा पडताना बघवणार नाही म्हणून, आणि ते गेल्यावर नवराच बघवणार नाही म्हणून. मी पाहिला आहे, थिएटरचं मशीन चालवताना, पोटापाण्यासाठी, इतक्यांदा की झोपेतही सांगेन. हिरो फाटका नकाशा घेऊन वाळवंटात नगरी शोधायला निघतो. मग चालतो. मग आणखी चालतो. उंट मरतो, पाणी संपतो (पाणी संपतं, पण आमच्या प्रिंटमध्ये आवाज असा फाटला आहे की हिरोचा नोकर "संपतो" म्हणतो असंच ऐकू येतं). शेवटी नगरी सापडते, तिथे हजार वर्षं वाट बघत बसलेली राणी असते आणि तिची लिपस्टिक अजून ओली असते.

या सिनेमाची एकच प्रिंट कुठे उरली असेल, तर ती आमच्या थिएटरच्या जिन्याखालच्या खोलीत. मालकांना साफसफाईत डबे सापडले आणि त्यांनी जुन्या फिल्मा सांभाळणाऱ्या संस्थेला कळवून टाकलं. ते लोक शुक्रवारी न्यायला येणार होते. तोवर डब्याचं झाकणही उघडायचं नाही, अशी मला सक्त ताकीद. मी आत्याचं सांगून पाहिलं, पदर पसरायचाच काय तो बाकी ठेवला, पण मालक म्हणजे दगड. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. फिल्म म्हातारी झाली की तिला व्हिनेगरचा वास सुटतो, ती आकसते, कडेची भोकं मशीनच्या दात्यांवर बसत नाहीत, आणि मग ती वाळक्या पानासारखी मोडते. जिथे मोडते तिथे संपते. मी त्यातलं एक रीळ गुपचूप घरी नेऊन, पुसून, बायकोच्या कपड्यांच्या दोरीवर वाळत घातलं होतं. तिच्या सगळ्या साड्यांना तो वास लागला. अबोला तेव्हापासूनचा.

गुरुवारी सकाळी मालक दाढ काढायला शेजारच्या गावी जाणार होते, म्हणून मी तोच मुहूर्त धरला. रात्रभर विचार करून बेतही पक्का केला, आणि दादा, मला त्या बेताचा फार अभिमान वाटत होता. सबंध सिनेमा काही मशीनमधून जिवंत निघणार नव्हता. तेव्हा पहिलं रीळ लावायचं, म्हणजे मशीनही तापेल आणि आत्याही स्थिरस्थावर होईल. मधली वाळवंटाची रिळं सरळ गाळायची. एकतर त्यांनाच सगळ्यात जास्त वास येत होता, आणि दुसरं म्हणजे त्यात चालण्याखेरीज काही नाही. (पूर्वी त्या भागात अर्धं थिएटर विड्या ओढायला बाहेर यायचं.) मग एकदम शेवटचं रीळ. वेस, भिंत, धोंडा, आतोबा. आत्या आनंदी, मालकांना पत्ता नाही, डबे जागच्या जागी.

आत्या दुसऱ्या रांगेत बसली, शेजारी बायको (ती आत्याशी बोलते, म्हणजे जीभ शाबूत आहे). मी वर केबिनमध्ये. पहिलं रीळ सुरू झालं. फिल्म मशीनमध्ये शिरताना अशी कुरकुरत होती की प्रत्येक जोडाला मी श्वास धरायचो आणि तो पलीकडे गेला की सोडायचो. एका हाताची दोन बोटं फिल्मच्या कडेला, दुसरा हात बटणावर. ती आत अडकली तर दिव्याच्या धगीने डोळ्यांदेखत भोक पडतं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला तिसरा हात नव्हता. तेवढ्यात पडद्यावर हिरो तळावरून निघतो तो लांबून घेतलेला तुकडा आला आणि काचेतून पाहतो तर आत्या उभी! मला वाटलं, हिला बाथरूमला जायचंय, आणि नेमकं आत्ताच. बायकोने तिला धरून खाली बसवलं.

शेवटचं रीळ त्याहून वाईट निघालं. दोनदा दात्यांवरून उडालं, दोनदा मी बोटाने दाबून परत बसवलं, बोट भाजलं, ओरडायचीही सोय नव्हती. पण वेस आली, भिंत आली, धोंडा आला, आणि पहारेकरी असा काही पडला की मी केबिनमध्ये एकटाच टाळ्या वाजवायला लागलो. आत्या ढिम्म. मी मशीन बंद केलं, लंगडत जिना उतरून खाली आलो आणि विचारलं, "बघितलंस ना आतोबांना?"

"कुठे?" ती म्हणाली.

"अगं, पडले ते!"

"तो कोण मेला, मला काय माहीत. हे असे नव्हते चालत. हे सुरुवातीला होते. पाठमोरे निघून गेले ते. पुढे कुठे गेले?"

मी तिला समजावलं, की आत्या, तो हिरो. एवढा मोठा नट, पोस्टरवर त्याचंच थोबाड. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिला दिसत नसूनही ते मला दिसलं. "तोंड हिरोचं असेल," ती म्हणाली. "पाठ ह्यांची आहे. मधलं गाळलंस ना तू?"

दादा, मी तिथेच खुर्चीच्या हातावर बसलो. सगळं आयुष्य ज्या चालण्याला मी नावं ठेवली ते आतोबांचं! उन्हातान्हात मैलोन्‌मैल, लांबून, पाठीकडून, एकदाही तोंड न दाखवता! मी म्हटलं, त्या रिळांना हात लावण्यात अर्थ नाही, त्यांचं पीठ होईल, उद्या माणसं यायची आहेत. तेव्हा बायको कित्येक दिवसांनी माझ्याशी पहिला शब्द बोलली. "लाव," म्हणाली.

लावलं. डब्याचं झाकण उघडल्यावर वासाने डोळ्यांतून पाणी आलं. (वासानेच.) आता कडेला बोटं लावून भागण्यासारखं नव्हतं, मी फिल्म वरून दोन्ही हातांनी अक्षरशः भरवत होतो. हिरोचं तोंड दिसलं, त्याने कपाळावर आडवा हात धरला, आणि पुढचाच तुकडा लांबचा. वाळूचा उतार आणि त्यावर एक माणूस चढतोय. आणि तेवढ्यात केबिनचं दार उघडून मालक आत! गाल फुगलेला, तोंडात कापूस, जीभ बधिर. त्यांनी मला पाहिलं, उघडे डबे पाहिले, आणि मूठ उगारून तोंड उघडलं, तर बाहेर नुसती लाळ. दादा, मला हात काढता येईना. हात काढला की सगळं संपलं. मी नुसती मान हलवून काचेकडे खूण केली. मालकांनी मूठ तशीच वर ठेवून बाहेर पाहिलं.

तो माणूस टेकडीच्या माथ्यावर पोचला होता. तिथे तो थांबला, उजवा पाय मागे उचलला आणि दोनदा झटकला. या जागी थिएटरात नेहमी शिट्ट्या पडायच्या. मीही आजवर समजत होतो, काय बेफिकीर हिरो आहे, मरणाच्या दारात वाळू झटकतोय! आणि खाली आत्या हसली. मशीनच्या खडखडाटातून मला वर ऐकू आली, इतकी मोठ्याने. (नंतर तिने सांगितलं, कापडाचे कपटे आणि दोरे तळव्याला चिकटायचे, म्हणून घरात शिरताना उंबऱ्यावर रोज असेच दोनदा पाय झटकायचे.) मग आतोबा टेकडीपलीकडे उतरले. आधी पाय गेले, मग कंबर, मग डोकं. वळून काही पाहिलं नाही. ते दिसेनासे झाले आणि माझ्या हातातली फिल्म फुटली. तुटली नाही, फुटली. तिचे तुकडे जमिनीवर सांडले. पडदा पांढरा झाला. मालकांची मूठ अजून वरच होती.

परत येताना आत्याने सगळ्या रस्त्यात आतोबांना फैलावर घेतलं, जसे काही ते चार पावलं पुढे चालले आहेत. त्या नटाला वाळूत चालवत नसे, आणि हे बाहेर फुटलं तर कंपनीची अब्रू जाईल, म्हणून ह्यांच्याकडून शपथ घेतली असणार, असा तिचा कयास. आणि ह्यांनी ती बायकोशीसुद्धा पाळली! काहीतरी सांगायला हवं म्हणून दुसऱ्याचं पडणं स्वतःच्या नावावर घेतलं! "मला सांगितलं असतं तर मी काय दवंडी पिटणार होते?" असं ती घर येईपर्यंत म्हणत होती. इतकी तरतरीत मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मीही फार खूश झालो, आणि तुझी फार आठवण आली.

असो. पत्र लांबलं. वहिनींना माझा नमस्कार सांग आणि पित्तावर उपाशी राहू नका म्हणावं.

तुझा मामेभाऊ,
ठोंब्या

ता. क. वर नोकरी व्यवस्थित चालू आहे असं लिहिलं, ते मालकांची जीभ संध्याकाळी जागी होईपर्यंत खरं होतं. आता मी घरीच असतो. शुक्रवारी ती माणसं आली आणि तुकडे बघून हळहळली. त्यांचं म्हणणं, यातून आता काही जुळणार नाही. म्हणजे दादा, तुला तुझे बाबा चालताना कधीच बघता येणार नाहीत. त्याची भरपाई माझ्याकडे नाही.

ता. क. दुसरा. एवढं सगळं ज्यासाठी लिहिलं ते हे. थिएटरच्या पायऱ्या उतरताना आत्या म्हणाली, "तोही अस्साच चालतो," आणि लगेच ओठ मिटले. तो म्हणजे तू. ती बोलावणार नाही. तू तिला घर सोडून माझ्याकडे चल म्हणालास, ती नाही म्हणाली, तू पुन्हा पायरी चढणार नाही म्हणालास, ती नको चढूस म्हणाली. दोघंही शब्दाचे पक्के, तू कुणावर गेलास ते आता कळलं. तेव्हा पायरी चढू नकोस हवं तर, पण ये, आणि लवकर ये. रिक्षा दारापर्यंत आणू नकोस. कोपऱ्यावर औषधांच्या दुकानापाशी उतर आणि सबंध गल्ली पायी ये, सावकाश. संध्याकाळी ती ओट्यावर असते. तू येताना दिसलास की ती तोंड फिरवेल. तिथून परत फिरू नकोस. तिला आता सरळ बघून दिसत नाही, दादा, डोळ्याच्या कडेनेच काय ते दिसतं. कुणाला नीट बघायचं असलं की ती तोंड फिरवते.