शिलाईवालीला केलेला फोन

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितोय, तरी साष्टांगच समज.) तुझा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. सर्दी होती, ती मंगळवारी दुपारी गेली.

पत्र लिहिण्यास कारण तुझा फोन. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी पुस्तकांना पुठ्ठे चढवतो आणि समोरच्या टेबलावर शिलाईवाली पानं शिवते. गेली तीन वर्षं आमचं रोज भांडण होतं. ती म्हणते, मी खळ फार लावतो. मी म्हणतो, तिची शिलाई सैल. भांडून झालं की आम्ही भिंतीला टेकून शेजारी शेजारी डबा खातो, म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि कुणी काही बोलत नाही. (इतकं सुख मला फक्त तुझ्या घरी, वीज गेल्यावर मिळतं.)

आणि तू काळजीपोटी तिला फोन करून कळवलंस, की तो ऑटिस्टिक आहे, कमी-जास्त बोलला तर सांभाळून घे. अगं, हे मी तिला ओळख झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा ती "बरं, मग ती कात्री दे इकडे" एवढंच म्हणाली होती. पण तोच मजकूर थोरल्या बहिणीच्या रडवेल्या आवाजात आला, की जड होत असावा. आता ती मला सांभाळून घेते. डबा घेऊन समोर बसते. "आज कसं वाटतंय?" विचारते. मी म्हणालो, खळ पातळ झालीय. तर तिने मान डोलावली! गुरुवारी मी मुद्दाम एक पुठ्ठा उलटा चढवला. (नोकरीत पहिल्यांदाच.) ती म्हणाली, "असू दे हं, छान झालंय."

ताई, लोकांत बसून एकटं वाटायची मला सवय आहे. तिच्या शेजारी तसं कधी वाटलं नव्हतं. आता वाटतं.

तुझा धाकटा (वय चव्वेचाळीस)

ता. क. तर विनंती अशी, की तिला पुन्हा फोन कर आणि माझ्याशी भांडायला सांग.

ता. क. २. फोन करू नकोस. पाकीट चिकटवायला (मी खळ फार लावतो ना!) तिच्याकडे दिलं, तर तिने पत्रच वाचलं. "शहाण्या, मी तीन फुटांवर बसते, आणि तू टपालाने तक्रार करतोस?" इथून सुरुवात करून आठ मिनिटं बोलली. फार बरं वाटलं.

ता. क. ३. रविवारी अकराला आम्ही दोघं येतो. त्या फोनबद्दल तिला तुझ्याशीही भांडायचंय. घाबरू नकोस, मी तुझ्या शेजारीच बसेन.