उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आणि आठ दिवसांच्या भाकरी

अहो,

माझं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन टळलं की तुमचा आठ दिवसांचा नफा. डॉक्टर आठ दिवस चुलीच्या धुरापाशी जाऊ देत न्हाईत, म्हणजे तेवढे दिवस भाकरी तुम्हालाच थापावी लागणार. हा हिशेब तुम्ही तोंडानं कधी सांगितला न्हाई, पण गेल्या साली केलेल्या डाव्या डोळ्याला तो स्पष्ट दिसला.

मागच्या खेपेला ह्याच उजव्या डोळ्यासाठी बिदरच्या दवाखान्यात मी टोपी घालून, डोळ्यात चारदा थेंब घेऊन रांगेत बसले होते. नर्स सहीसाठी ओरडायली, "राजूबाईचं माणूस कुठाय?" आणि माणूस चहाला! तासभर वाट बघून त्यांनी मला घरी धाडलं. रांगेत शेजारी बसलेली हळ्ळीखेडची म्हातारी म्हणाली, "अक्का, मालक भाकरीला भिऊन पळाला बघ." सगळी रांग हसली.

आज मी पहिल्या बसनं चाललेय. संगं शेजारची चन्नम्मा हाय. नात्यापुढं 'बहीण' लिहून सही तीच करणार. एक कानडी, एक मराठी, बहिणी कशा, असं कुणी विचारलंच तर तिचं तोंड खंबीर हाय.

पीठ डब्यात हाय. पाणी कढत घ्या, न्हाईतर भाकरी चिरते. आणि "एक डोळा बास की" हे आल्यावर ऐकायचं न्हाई. मागच्या खेपेनंतर दोनच दिवसांनी एका डोळ्याला अंदाज आला न्हाई आणि माझं मनगट तव्यावर टेकलं. दिवस तुमचे वाचले, ते माझ्या कातड्यानं फेडले.

राजूबाई