रेषेतले सासरे

३ मार्च २०२५, सोमवार
आजपासून नवा अमृत. सांगलीत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एक जाडजूड पुस्तक मिळालं. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले चेहरे. रंग नाहीच, नुसत्या रेषा! गाल वळतो तिथं रेष जाड, उजेडाकडं बारीक, कपाळावर कागद कोरा. बारा वर्षं इस्लामपुरात फ्लेक्स छापतोय, हे मला कुणी सांगितलं कसं नाही?
संकल्प : सोनेरी अक्षरं बंद. शॅडो बंद.

६ मार्च
भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. चेहरा एका बाजूला, वर मोकळी जागा. तो म्हणाला, "हितं आमची पोरं बसवा की. चाळीस हायती." अर्धा तास कॉम्पोझिशन समजावलं. समोरच्या दुकानात गेला. बरंच झालं. कलेला शांतता लागते.

९ मार्च
सोळाला सासऱ्यांची पंचाहत्तरी. हंबीरराव, रिटायर्ड सुभेदार, वाईजवळचं गाव. नाक म्हणजे नाक, मिशी म्हणजे मिशी. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला अजून 'बॅनरवाले' म्हणतात. आता म्हणणार नाहीत.

१२ मार्च
मिशीला एकशे चाळीस रेषा. डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब, पुस्तकातल्यासारखं. संयोगिता बघून म्हणाली, "आवं, दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की! परत कशाला दाखवताय?" वर विचारते, रंग कवा भरणार. बायकोशी रेषेवर चर्चा करणं सोडलंय.

१५ मार्च, संध्याकाळी
सासऱ्यांच्या गावात एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला. काळा-पांढरा, दहा बाय आठ. खाली दगडी पाटीसारखी चौकट, तीत नाव आणि जन्मतारीख. बास. 'शुभेच्छा'मुळं तोल बिघडत होता, काढून टाकलं. लोक गप्प उभे. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून हात जोडले. असर म्हणतात तो हा.

१६ मार्च, सकाळी ७
मेहुण्याचा फोन. "भावजी, आदी फ्लेक्स उतरवा." कारण सांगेना. जळतोय.

१६ मार्च, रात्री
सकाळी सासऱ्यांच्या दारात पांढऱ्या कपड्यातली पन्नास माणसं. गावातला गुंडा पैलवान हार घेऊन आत शिरला, तर समोर सासरे दात घासत. पैलवान हारासकट पळाला. राहीबाई आत्या कवठे महांकाळहून रडत आल्या, भावाला जिवंत बघून आधी त्यालाच एक ठेवून दिली, मग विचारलं, "जावई कुटं हाय?" केक कुणी कापला नाही. सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. संयोगिता माहेरीच थांबली. आपल्याकडं रेष वाचताच येत नाही लोकांना.

१८ मार्च
तीन फ्लेक्स केले. तिन्ही सोनेरी. जेवण हॉटेलात.

२० मार्च
सासऱ्यांचा फोन. स्वतःहून, अकरा वर्षांत पहिल्यांदा. "फ्लेक्स फाडला न्हाई न्हवं?" म्हटलं, गुंडाळून ठेवलाय. मग म्हणाले, "मोबाईलवर परत बघितला. मिशी लय बेस काढलीया. माज्या बापाची अशीच व्हती." मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेवटी एकाला तरी रेष कळली! म्हटलं, दुसरा छापून देऊ का, घरात लावायला?
"नगं. हाय त्योच नीट ठेवा. लागंल तवा काढा. खाली एक तारीख तेवडी वाढवायची."
फोन ठेवल्यावर उलगडून बघितला. चौकटीत तारखेपुरती जागा आहे.